संत निकोलाच्या दिवशी कार्यशाळा

हिवाळ्यातला हॉल माणसाने जून महिन्यात ठरवू नये. जूनमध्ये डोक्याला ऊन लागलेले असते, पायांत चपला असतात, अर्धे नोव्ही साद शहर दान्यूब नदीच्या पाण्यात डुंबत असते आणि डिसेंबर नावाचा महिना आपल्या हयातीत उगवेल यावर कोणाचाही विश्वास नसतो. वेलिमिर बोगोसाव्हल्येवने नेमके हेच केले. संस्थेच्या केअरटेकरने त्याच्यासमोर कॅलेंडरची पाने पुढे पुढे उलटली. कधी गायनमंडळाची तालीम, कधी बुद्धिबळाचे सामने, कधी कुणाच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. भिंतीभिंतीला प्लग असलेला संस्थेतला एकमेव हॉल हिवाळाभर गच्च भरलेला. कोरा दिवस एकच होता, एकोणीस डिसेंबर.

"हा देऊ?" केअरटेकरने विचारले.

वेलिमिर म्हणाला, देऊ काय, लिहूनच टाक. केअरटेकरने चष्मा काढला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिले आणि पुन्हा विचारले, "नक्की ना?" वेलिमिरला वाटले, माणूस आपल्याला मान देतो आहे. संस्थेत त्याला मान देणारी माणसे इतकी थोडी होती की अशी चूक कोणाचीही झाली असती.

वेलिमिरचे काम होते संशोधकांना शिकवण्याचे. माशांवर संशोधन करणारी ही संस्था. तिथल्या विद्वानांना नदीतला मासा नुसत्या शेपटीवरून ओळखता येई, पण त्याच माशाची मापे संगणकात अशी काही कोंबलेली असत की नंतर ती कुणाच्या बापाला सापडू नयेत. माहिती कशी मांडावी, तक्ता सरळ कसा ठेवावा, हजार ओळींची बेरीज बोटे न मोजता कशी करावी, हे वेलिमिर शिकवत असे. म्हणजे शिकवू पाहत असे. पण हा एक व्यवसाय आहे हेच संस्थेला मान्य नव्हते. प्राध्यापक म्हणावे तर तो प्राध्यापक नव्हता आणि तंत्रज्ञ म्हणावे तर त्याला राग येई. नोकरवर्गाच्या यादीत त्याचे नाव 'इतर' या सदरात, माळीबुवांच्या खाली होते. आणि कुठल्याही मजल्यावर प्रिंटरमध्ये कागद अडकला की बोलावणे त्यालाच येत असे. तो जाई, कागद काढून देई आणि जाता जाता म्हणे, "हे माझं काम नाही." लोक म्हणत, "हो हो, खरंच," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावत.

संस्थेचे संचालक प्राध्यापक ग्रादिमिर तातिच यांनी त्याला एकदा खोलीत बोलावून सांगितले होते की वर्षअखेरीस 'इतर' सदराला कात्री लागणार आहे. युरोपभर असे शिक्षक तयार करणाऱ्या एका मंडळाचे प्रमाणपत्र मिळवलेस, आणि त्यांच्या निरीक्षकासमोर एक पुरी कार्यशाळा नीट पार पाडलीस, तर तुझी जागा टिकेल. नाही तर प्रिंटरचे काम आहेच. हे शेवटचे वाक्य प्राध्यापक प्रेमाने बोलले होते, पण ते वेलिमिरच्या काळजात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले.

या मंडळाची शिकवण्याची रीत थोडी निराळी. शिक्षकाने पडद्यावर आयते काही दाखवायचे नाही, सगळ्यांच्या देखत एकेक ओळ स्वतः टाइप करायची, चुकायचे, आणि चूक दुरुस्त कशी करतात तेही दाखवायचे. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन चिकटणाऱ्या चिठ्ठ्या, एक हिरवी आणि एक तांबडी. जमले की लॅपटॉपच्या पाठीवर हिरवी चिकटवायची, अडले की तांबडी. तांबडी दिसली की शिक्षकाने जायचे, पण विद्यार्थ्याच्या कळफलकाला बोट लावायचे नाही. तोंडाने सांगायचे, हात पाठीमागे. हा शेवटचा नियम मोडला की निरीक्षक तिथल्या तिथे नापास करतो, असे वेलिमिरने ऐकले होते.

वसंतात त्याने एक रंगीत तालीम घेतली होती. प्राध्यापक तातिच पहिल्या रांगेत बसले आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्यांनी हिरवी चिठ्ठी चिकटवली. मग काय, संचालकांना येते ते आपल्याला येत नाही असे कोण म्हणेल? सबंध वर्ग हिरवागार झाला. वेलिमिर खूश होऊन घोडे दामटत राहिला, आणि शेवटी त्याला कळले की पहिल्या पाच मिनिटांनंतर एकही माणूस त्याच्याबरोबर नव्हता. दोघांनी तर लॅपटॉप चालूच केला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत प्राध्यापकांनी त्याला आपला जन्मभराचा तक्ता कौतुकाने दाखवला. दान्यूबच्या माशांची मापे होती ती, आणि शेकडो घरे पिवळी, निळी, जांभळी, हिरवी रंगवलेली. या रंगांचा अर्थ काय, असे वेलिमिरने विचारले. "सगळं माझ्या डोक्यात आहे," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी कपाळावर टिचकी मारली.

तर अशा वर्गासाठी एकोणीस डिसेंबर ठरला. सूचना फलकावर लागली आणि चमत्कार झाला. दुपारपर्यंत बाराच्या बारा जागा भरल्या. पहिले नाव खुद्द प्राध्यापकांचे. वेलिमिर घरी गेला तो हवेत तरंगतच. बायकोला, रुमेंकाला, म्हणाला की अखेर लोकांना ज्ञानाची तहान लागली. रुमेंका औषधाच्या दुकानात काम करते, तहानेचे सगळे प्रकार तिला ठाऊक आहेत. तिने त्याला पाणी आणून दिले.

डिसेंबर उजाडला. एका संध्याकाळी रुमेंका अक्रोड सोलत बसली होती. तिने सहज विचारले, "वेल्या, तातिचांकडे केक किती वाजता न्यायचा?"

"कुठला केक?"

"अरे, एकोणीसला. निकोला नाही का त्यांच्याकडे?"

वेलिमिरच्या हातातला अक्रोड खाली पडला. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला, आणि त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. त्यात संत निकोला म्हणजे सगळ्यात लेकुरवाळा. त्या दिवशी अर्धे गाव यजमान असते आणि उरलेले अर्धे पाहुणे, असे म्हणतात ते खोटे नाही. ज्याच्या घरी स्लावा त्याला कायद्यानेच रजा मिळते. वेलिमिरच्या घरचा संत मायकेल, तो नोव्हेंबरातच येऊन जातो. पण म्हणून निकोला विसरणे म्हणजे तुमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला सभा ठेवण्यासारखे झाले. हॉल का मोकळा होता, केअरटेकरने चष्मा का काढला, आणि बारा जणांची ज्ञानतृष्णा एका दिवसात का उफाळून आली, या सगळ्याचा उलगडा त्याला अक्रोड उचलेपर्यंत झाला. ज्या दिवशी कोणीच येऊ शकत नाही अशा दिवशीच्या कार्यशाळेला नाव द्यायला काय जाते? उत्साह दिसतो, आणि अंगाला तोशीस लागत नाही.

तारीख बदलायला तो दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला. त्यासाठी अर्ज लागतो आणि अर्जावर ज्या बाईंची सही लागते त्या रजेवर होत्या. त्यांच्याकडे निकोला होता, तयारी चालली होती. निरीक्षक येणार होती एस्टोनियाहून, मारिका नावाची. तिला पत्र लिहिले तर उत्तर आले की तिकीट काढून झाले आहे आणि यंदाची ही शेवटची परीक्षा आहे. भरीला खरेदी विभागाने त्याच्या मागणीवर निर्णय कळवला. एक्स्टेंशन बोर्ड मंजूर झाले होते. चिठ्ठ्या मात्र एकाच रंगाच्या मंजूर झाल्या, कारण कागद तो कागद, दोन रंगांची चैन कशाला? आल्या त्या सगळ्या तांबड्या. हिरव्या त्याने पदरमोड करून आणल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

खालच्या मजल्यावरच्या यागोदाकाकूंना जिन्यात सगळी हकिगत कळली. काकू करखात्यातून निवृत्त झालेल्या असल्याने त्यांना प्रत्येक संकटातून निघायची एक वाट ठाऊक असते. आधी त्यांनी सांगितले की त्या बाईला इथली थंडीची हवा सोसणार नाही असे मंडळाला कळव. थंडीची हवा एस्टोनियाच्या माणसाला, असे वेलिमिर म्हणाल्यावर त्यांनी आजारी पडायचा सल्ला त्यालाच दिला, डॉक्टर ओळखीचा होता. तेही नको म्हटल्यावर त्यांनी आपले दोन भाचे आणि पत्ते खेळायच्या मैत्रिणी विद्यार्थी म्हणून बसवायची तयारी दाखवली. "माशांवरचं काही विचारलं तर?" वेलिमिर म्हणाला. "आम्ही काय मासे खाल्ले नाहीत?" काकू म्हणाल्या. तो आभार मानून वर गेला. आपल्या अडचणीत लोकांना एवढा रस आहे हे पाहून त्याला भरून आले आणि थोडे रडूही आले.

एकोणीसच्या सकाळी विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर तसा तो एक्स्टेंशन बोर्डांची आणि चिठ्ठ्यांची थैली खांद्यावर टाकून संस्थेत पोहोचला. मारिका आधीच दाराशी उभी होती. उंच, शांत, हातात वही. हॉलला कुलूप. केअरटेकरचा संतही निकोलाच होता, हे वेलिमिरला आता आठवले. दोघे थंडीत उभे राहिले. मारिकाने विचारले, विद्यार्थी किती? तो म्हणाला, बारा. तिने आजूबाजूला पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले. एवढ्या थोड्या शब्दांत आपली इतकी नाचक्की आजवर कोणी केली नव्हती, असे त्याला वाटले.

त्याने एकेकाला फोन लावला. प्रत्येक फोनमागे ताटवाट्यांचा आवाज येत होता आणि प्रत्येक जण एकच सांगत होता, अरे आम्ही तातिचांकडे आहोत, तूही ये. ज्यांच्या घरी स्लावा नव्हता ते सगळे संचालकांकडे गेलेले. साहेबाच्या घरचा संत कोण चुकवील? शेवटी रुमेंकाचाच फोन आला. "केक पोचवलाय. तुझा सगळा वर्ग इथे बसलाय. त्या बाईला उपाशी ठेवू नकोस, घेऊन ये."

शिकवायची आशा वेलिमिरने तेव्हाच सोडली होती. निदान परदेशी पाहुणीच्या पोटात काही गरम पडावे, मग खुशाल नापास करू दे, असा विचार करून तो तिला पूल ओलांडून पलीकडे पेट्रोवाराडिनला, तातिचांच्या घरी घेऊन गेला. स्लावाला कोणी आमंत्रण देत नाही आणि आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. दारात प्राध्यापक स्वतः उभे होते, हातात राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, ट्रे. यजमान त्या दिवशी बसत नाही. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभ्याने वाढतो, मग तो शेतकरी असो की संचालक. वेलिमिरच्या खांद्यावरची थैली पाहून प्राध्यापकांनी मान फिरवली. त्यांनाही थोडी लाज वाटली असावी.

मेणबत्ती जळत होती. स्लावाचा प्रसाद म्हणून चमचाभर गोड गहू खाऊन मारिका टेबलाशी बसली आणि प्राध्यापकांच्या आई, कोसाराआजी, यांनी तिचा ताबा घेतला. निकोला नाताळाआधीच्या उपासात येतो, म्हणून मांस नाही, दूध नाही, मासे मात्र चालतात. माशाचे कालवण, तळलेला कार्प मासा, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, ओव्हनमध्ये भाजलेला घेवडा, असा उपास परमेश्वर सगळ्यांना देवो. मारिकाच्या देशात ताट स्वच्छ करणे ही सभ्यता. आजींच्या घरात रिकामे ताट म्हणजे यजमानाचा अपमान. ती संपवी, आजी वाढत. ती पुन्हा संपवी, आजी पुन्हा वाढत. तिसऱ्या कार्पच्या वेळी मारिकाचा रंग उतरू लागला आणि तिने वेलिमिरकडे जे पाहिले ते बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसे.

वेलिमिरने थैलीतून हिरवी चिठ्ठी काढली आणि तिच्या ताटाच्या कडेला चिकटवली.

"हे काय?" आजींनी विचारले.

तो म्हणाला की आजी, हिरवी म्हणजे या माणसाचे झाले. आणि तांबडी म्हणजे याला हवे आहे, इकडे लक्ष द्या. आजींनी वाढायचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "साठ वर्षं झाली वाढतेय मी. एकेकाला तीन तीनदा विचारावं लागतं, आणि खोटं बोलतात मेले. आण इकडे."

गठ्ठे आजींच्या एप्रनच्या खिशात गेले आणि पाच मिनिटांत टेबलावर रंगपंचमी झाली. ज्या विद्वानांनी वसंतात संचालकांसमोर तांबडी चिठ्ठी हातात धरायलासुद्धा नकार दिला होता, ते घेवड्यासाठी खुशाल तांबड्या लावत होते. एकाने तर कपाळावर लावली. मारिकाने वही उघडली. वेलिमिरने डोळे मिटले.

प्राध्यापक ट्रे घेऊन त्याच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी हलकेच विचारले, "तुझ्या वर्गातही या अशाच असतात का?"

"अशाच, सर. आपण वसंतात हिरवी लावली होतीत."

"हं," प्राध्यापक म्हणाले. त्यांनी ट्रे दुसऱ्या हातात घेतला. "वेलिमिर, माझा तो तक्ता. तू पाहिलायस. त्यात पिवळं काय आहे?"

"ते तुम्हालाच ठाऊक, सर. तुमच्या डोक्यात आहे म्हणालात."

"नाही राहिलं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "खाली बेलग्रेडला एक संशोधक मुलगी आहे, तिला माझी मापं हवीयत. मागच्या महिन्यात फाइल उघडली. निळं आठवलं, जांभळं आठवलं. पिवळं आठवेना. रोज रात्री आठवून बघतो. उन्हाळ्यात मी निवृत्त होणार. मग जांभळंही जाईल."

वेलिमिरला त्या क्षणी आपली जागा, मारिकाची वही, कुलूपबंद हॉल, काही आठवले नाही. समोर एक म्हातारा मासेतज्ज्ञ होता आणि त्याची उभी हयात रंगांखाली गाडली जात होती. त्याला फार वाईट वाटले आणि ते तो लपवू शकला नाही.

"पिवळं गेलं, सर," तो म्हणाला. "ते मला आणता येणार नाही. पण बाकीचे रंग आज आठवतायत ना? मग आजच शब्दांत लिहून टाकू. प्रत्येक ओळीसमोर एक नवा रकाना. पिवळ्यासमोर लिहू, माहीत नाही. तेही खरंच आहे."

प्राध्यापकांनी ट्रे रुमेंकाच्या हातात दिला. आतून लॅपटॉप आणला, कार्पची ताटली बाजूला सारून टेबलावर ठेवला आणि आईच्या एप्रनच्या खिशातून एक चिठ्ठी उपटून त्याच्या पाठीवर चिकटवली. तांबडी. अकराच्या अकरा संशोधक तिकडे पाहू लागले. चमचे थांबले. मग प्राध्यापक खुर्चीवर बसले.

"ग्रादिमिर," कोसाराआजी म्हणाल्या, "स्लावाच्या दिवशी घरचा यजमान बसत नाही. तुझे वडील कधी बसले नाहीत."

"माहीत आहे, आई. घरात एक माणूस उभा पाहिजे. तो आहे ना उभा."

वेलिमिर उभा होता. हात पाठीमागे. प्राध्यापक एका बोटाने टाइप करत होते आणि ते बोट प्रत्येक अक्षराआधी हवेत घारीसारखे घिरट्या घालत होते. वेलिमिरच्या दोन्ही हातांना इतकी खाज सुटली होती की त्याने ते मागे एकमेकांत घट्ट अडकवले. तो फक्त सांगत होता, चुकले तर हसत होता, आपलीही एक चूक त्याने मुद्दाम नव्हे, खरोखरच केली आणि ती सगळ्यांदेखत निस्तरली. हळूहळू खुर्च्या सरकल्या. एकाने विचारले, माझ्या फाइलमध्ये दोन घरे जोडून एक केली आहेत, ते वाईट का? दुसरी म्हणाली, मी तारखा तीन तऱ्हांनी लिहिते. ताटावरच्या तांबड्या चिठ्ठ्या उठून बाह्यांवर, खांद्यांवर लागल्या. कोणी हसले नाही. साहेबाचीच तांबडी समोर असताना हसणार कोण?

अंधार पडायच्या सुमाराला मारिका त्याच्याजवळ आली. तिने सांगितले की हॉल नव्हता, पडदा नव्हता, वेळापत्रक नव्हते. पण एवढे प्रश्न विचारणारा वर्ग तिने पाहिला नव्हता, आणि त्याने एकदाही कळफलकाला हात लावला नाही. तो पास आहे. मग ती आपल्या जागी परतली आणि थोडा विचार करून तिने ताटावरची हिरवी काढून तांबडी लावली. घेवडा तिला आवडला होता.

वेलिमिरचे पाय भरून आले होते. त्याला सांगावेसे वाटत होते की मी आज जगातला सगळ्यात सुखी माणूस आहे, पण त्याला सांगायला सवड नव्हती, कारण प्राध्यापक निळ्याच्या ओळीत एका कंसापाशी अडले होते.

तेवढ्यात दार वाजले. शेजारगावचे एक जाडजूड पाहुणे आत आले, एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात फुले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. सगळे बसलेले. उभा माणूस एकच. ते सरळ वेलिमिरकडे आले, त्याच्या एका हातात बाटली दिली, दुसऱ्यात फुले कोंबली, त्याच्या गालांचे तीन मुके घेतले आणि म्हणाले, "स्लावाच्या शुभेच्छा, यजमान."

वेलिमिर गोंधळून प्राध्यापकांकडे वळला. प्राध्यापकांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"घ्या, मास्तर, घ्या," ते म्हणाले. "मला आत्ता उठता येत नाही. जानेवारीपासून दर गुरुवारी हॉल तुमचा, केअरटेकरला मी सांगतो. पण आधी हा कंस कुठे असतो ते सांगा."

वेलिमिरचे दोन्ही हात भरलेले होते. तो पुढे वाकला.

"वरच्या ओळीत, सर," तो म्हणाला. "आपल्या कळफलकावर तो आठावर असतो. शिफ्ट धरा, आणि दाबा. सावकाश. घाई नाही."